शुक्रवारचा दिवा कुणी लावायचा? बेने इस्राएल, म्हणजे मराठी ज्यू, घरातल्या नव्या आईबाबांसाठी

मागच्या पावसाळ्यात रात्री उशिरा भाचीचा फोन आला. आवाज थकलेला, पण आनंदात. "मावशी, मुलगा झाला. मंगळवारी रात्री सव्वाआठला. मिलाहसाठी आम्ही पुढचा मंगळवार धरलाय, बरोबर ना?"

बरोबर नव्हतं. मिलाह म्हणजे मुलाची सुंता, ती आठव्या दिवशी होते. आपला दिवस रात्री बारा वाजता बदलत नाही, सूर्यास्ताला बदलतो. सव्वाआठला जन्मलेलं बाळ बुधवारचं, म्हणजे त्याचा आठवा दिवस पुढचा बुधवार. हेच बाळ संध्याकाळी पाचला आलं असतं तर मंगळवार चालला असता. मोहेलला (सुंता करणाऱ्याला) आधीच सांगून झालं होतं, हॉल ठरला होता, सासरेबुवांनी निम्म्या कोकणाला कळवून टाकलं होतं. सगळं एक दिवस पुढे ढकलावं लागलं. तेव्हा तिच्यासाठी मी एक वही लिहायला घेतली, आणि हा लेख त्या वहीतूनच निघाला. ज्यांच्या घरी आजीला सगळं पाठ होतं पण आईबाबांना निम्मंच आठवतं, त्यांच्यासाठी. माझ्या पिढीचं तेच झालं आहे, त्यात लाजायचं काही नाही.

आधी आठवा दिवस, मग नाव

जन्माची वेळ हॉस्पिटलच्या कागदावरून मिनिटासकट वहीत उतरवून घ्या. ऐन तिन्हीसांजेला जन्म झाला असेल तर स्वतः हिशेब करू नका, हजानना, म्हणजे सिनेगॉग या आपल्या प्रार्थनास्थळात प्रार्थना चालवणाऱ्यांना, विचारा. मोजताना जन्माचा दिवस पहिला धरायचा. मिलाह दिवसाउजेडीच होते. आठवा दिवस शनिवारी आला तरी नैसर्गिक बाळंतपण असेल तर ती शनिवारीच होते, सिझेरियन असेल तर पुढे जाते. बाळाला कावीळ असली तर डॉक्टर हो म्हणेपर्यंत थांबायचं, आणि हे थांबणंही धर्माला धरूनच आहे. "आठवा दिवस चुकला" म्हणून कुणी बाळंतिणीला बोल लावू लागलं तर तिच्या बाजूने तुम्ही उभं राहा. मोहेलला मात्र नववा महिना लागताच गाठा, ऐन वेळी तो मिळत नाही.

मुलीच्या वेळी एवढी धावपळ नसते. आमच्याकडे पाळणा सजवून, बायकांनी गाणी म्हणून नाव ठेवतात, शेजारणीही येतात, आणि बाहेरून बघणाऱ्याला हे कुठल्याही मराठी घरातलं बारसं वाटेल.

आता नाव. आपल्या पूर्वजांनी यात फार गंमत केली होती. अब्राहामचा आबाजी, शमुएलचा सामाजी, बेन्यामिनचा बेनाजी, आणि पुढे गावाचं आडनाव: पेणकर, रोहेकर, नवगावकर, केहिमकर. हल्ली शाळेच्या दाखल्यावर एक नाव आणि सिनेगॉगमध्ये दुसरं असं सर्रास असतं. चालतं. फक्त हिब्रू नाव बाळाच्या, वडिलांच्या आणि आईच्या नावासकट लिहून ठेवा. तोरा, म्हणजे आपला धर्मग्रंथ, वाचायला बोलावताना वडिलांचं नाव लागतं, लग्नाच्या केतुबात (करारपत्रात) तेच लागतं, आणि आजारी माणसासाठी प्रार्थना करताना आईचं. माझ्या नवऱ्याचं हिब्रू नाव लग्नाच्या आदल्या आठवड्यात शोधायला लागलं होतं. शेवटी आजोबांच्या जुन्या प्रार्थनेच्या पुस्तकात, मागच्या कोऱ्या पानावर, पेन्सिलीने लिहिलेलं सापडलं.

शुक्रवार

नव्या आईबाबांची सगळ्यात मोठी चूक इथे होते आणि ती मी स्वतः केली आहे. थोरला तीन वर्षांचा झाला तेव्हा मला एकदम जाग आली. ठरवलं की आता पूर्ण शब्बाथ, म्हणजे शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारच्या रात्रीपर्यंतचा विश्रांतीचा दिवस, पाळायचा. टीव्ही बंद, फोन कपाटात, शनिवारी स्वयंपाक नाही, गाडी नाही. पहिल्या आठवड्यात नवरा गप्प होता, दुसऱ्या आठवड्यात मूल रडलं, तिसऱ्या आठवड्यात मीच दुपारी चहा टाकला. त्यानंतर वर्षभर आमच्याकडे शुक्रवारी काहीच झालं नाही.

मग आईने सांगितलं: वीस मिनिटं कर, पण दर आठवड्याला कर.

ती वीस मिनिटं अशी. वेळ सूर्यास्ताच्या अठरा मिनिटं आधीची. मुंबई-ठाण्यात जूनच्या अखेरीला ही वेळ सातच्या आसपास येते, आणि डिसेंबरच्या सुरुवातीला पावणेसहाच्याही आधी. म्हणजे हिवाळ्यात नोकरी करणारी बाई त्या वेळी लोकलमध्ये असते. त्यावर उपाय सोपा आहे: घरात जो असेल त्याने दिवा लावायचा. आमच्याकडे तीन महिने सासूबाई लावतात. वडिलांनी लावला तरी चालतो, आणि मुलांनी तेही पाहिलेलं चांगलं.

मेणबत्त्या मिळतात, पण मला आपला जुना तेलाचा पेला आवडतो. काचेचा पेला घ्या, अर्ध्यापर्यंत पाणी, वर दोन बोटं खोबरेल तेल, त्यावर वात. तेल संपत आलं की ज्योत पाण्याला टेकते आणि आपोआप विझते. शब्बाथला दिवा विझवायचा नसतो, त्यामुळे फुंकर मारायचा प्रश्नच उरत नाही. मुलं या विझण्याची वाट बघत बसतात. धाकटीचं काम पाणी ओतायचं, थोरल्याचं तेल. कुणाचं काम कुठलं यावरून भांडण झालं तर समजा की जमतंय.

किद्दुशसाठी, म्हणजे पेल्यावर म्हणायच्या आशीर्वादासाठी, द्राक्षाची वाईन लागतेच असं नाही. आपल्या घरांमध्ये काळ्या मनुकांचं सरबत करतात. वाटीभर मनुका दुपारी धुऊन दीड-दोन वाट्या पाण्यात भिजत घाला. चार वाजता त्याच पाण्यात एक उकळी आणा, गार करा, हाताने चांगल्या कुस्करा आणि फडक्यातून पिळून घ्या. साखर नको. हात लालसर काळे होतात, म्हणून हे कुस्करायचं काम चार वर्षांच्या मुलाला द्या, त्याला दुसरं काही नकोच असतं. दोन पाव किंवा दोन चपात्या फडक्याखाली झाकून ठेवा. मिठाला लावून तुकडा वाटायचा.

आणि आशीर्वाद. हा भाग वगळू नका, बाकी सगळं वगळलंत तरी. मुलाच्या डोक्यावर दोन्ही हात ठेवून म्हणायचं: देव तुला एफ्राइम आणि मनश्शेसारखा करो. मुलीला: सारा, रिबका, राहेल आणि लेआसारखी करो. हिब्रू येत नसेल तर मराठीत म्हणा. आठवड्यात त्या मुलाला तुम्ही शंभर वेळा ओरडलेले असता. शुक्रवारी त्याच्या डोक्यावर हात ठेवून दहा सेकंद उभं राहणं दोघांनाही लागतं. माझा थोरला आता सोळा वर्षांचा आहे, माझ्यापेक्षा वीतभर उंच. तो काही न बोलता मान खाली करतो.

शेवटी हाथबोशी. वडीलधाऱ्यांच्या हातात हात द्यायचा आणि मग तीच बोटं आपल्या ओठांना लावायची. लहान मुलांना हे भाषेच्या आधी येतं.

झोपताना सहा शब्द

शेमा इस्राएल, अदोनाय एलोहेनू, अदोनाय एहाद. म्हणजे: ऐक इस्राएल, परमेश्वर आपला देव, परमेश्वर एकच. उजवा हात डोळ्यांवर. एवढंच.

आपली परंपरा सांगते की नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटलं, सात जोडपी वाचली, पुस्तकं बुडाली, हिब्रू विसरली. पण शेमा विसरली नाहीत. जन्माला, लग्नाला, मिलाहला, मयताला तेच एक म्हणत राहिली. शनिवारी तेलाचे घाणे बंद ठेवत म्हणून गावाने त्यांना शनवार तेली म्हटलं. ही गोष्ट मुलांना झोपताना सांगा, आणि अलिबागला जाल तेव्हा नवगावला नक्की न्या. समुद्र दाखवला की गोष्ट त्यांच्या डोक्यात पक्की बसते.

ताटात काय

कोकणातल्या माणसाला कोलंबी आणि खेकडे सोडायला सांगणं हा खरं तर अन्यायच आहे. पण नियम सोपा आहे आणि मूल बाजारातच शिकतं: पर आणि खवले दोन्ही हवेत. पापलेट, सुरमई, रावस, बांगडा चालतात. कोलंबी, खेकडा, तिसऱ्या, माकूल नाहीत. मोरी नाही. कोळणीकडे गेलात की मुलाला विचारा, "खवले दाखव." माझी धाकटी पाच वर्षांची असताना कोळणीला विचारायची, "मावशी, ह्याला खवले आहेत का?" आणि मावशी हसून एक खवला काढून तिच्या तळहातावर ठेवायच्या.

मांस आणि दूध एकत्र नाही. आपल्या स्वयंपाकात नारळाचं दूध असल्यामुळे हे जड जात नाही. फक्त कोंबडीला दही लावायची सवय असेल तर लिंबू किंवा कोकम वापरा. मटण खाल्ल्यावर दुधाच्या पदार्थासाठी किती तास थांबायचं, हे घरोघरी वेगळं आहे. आजी जे करत होती ते धरा आणि त्यावर वाद घालू नका.

खरी परीक्षा वाढदिवसाच्या पार्टीत असते. मुलाला "नको, आम्ही हे खात नाही" असं म्हणायला शिकवा. "शी" म्हणायला शिकवू नका. दुसऱ्याच्या ताटाला नावं ठेवणारं मूल मला धार्मिक वाटत नाही, बिघडलेलं वाटतं. आणि यजमान बाईंना आदल्या दिवशी एक फोन करून ठेवा. जैन आणि माळकरी घरांमुळे आपल्याकडे लोकांना हे सांगणं अवघड जात नाही, बहुतेक जणी म्हणतात, "मग त्याला व्हेज ठेवते."

सणांची दोन-दोन नावं

मुलाला दोन्ही नावं शिकवा. इंटरनेटवर त्याला रोश हशाना (आपलं नवं वर्ष) सापडेल, पण नव्याचा सण सापडणार नाही. योम किप्पूर, प्रायश्चित्ताच्या उपासाचा दिवस, म्हणजे दारफळणीचा सण, कारण त्या दिवशी घराची दारं बंद. दुसऱ्या दिवशी शिळा सण. पुरीम म्हणजे होळीचा सण, कारण तो बहुतेक वर्षी होळीच्याच पौर्णिमेच्या आसपास येतो, आणि त्यालाही पुरणपोळी असतेच. तिशा बेआव म्हणजे बिरड्याचा सण, मोड आलेल्या वालांचा. यरुशलेमच्या मंदिराच्या नाशाचं दुःख आणि वालाचं बिरडं यांची सांगड आपल्या लोकांनी कशी घातली कोण जाणे, पण मुलाला मंदिर आधी आठवत नाही, बिरडं आठवतं, आणि बिरड्यावरून मंदिर.

पंचांगाचं एक सांगते, कारण दरवर्षी कुणीतरी विचारतं की सण मागेपुढे का होतात. आपले महिने चंद्राचे आणि वर्ष सूर्याशी जुळवलेलं, म्हणून 19 वर्षांत 7 वेळा अधिक महिना येतो. शेजारच्या काकूंना हे लगेच कळतं. इंग्रजी कॅलेंडरवाल्यांना समजवायला वेळ लागतो.

पेसाहवर, मिसरातून सुटकेच्या सणावर, मात्र थांबायला हवं, कारण हा सणच मुलांसाठी आहे. तोरातल्या निर्गमच्या पुस्तकात स्पष्ट आज्ञा आहे: त्या दिवशी आपल्या मुलाला सांग. म्हणून सेदेरची, म्हणजे त्या रात्रीच्या विधीच्या जेवणाची, सगळी रचना मुलाने विचारावं म्हणून केलेली आहे. जेवण सोडून भाजी मिठाच्या पाण्यात का बुडवताय? आज पाव का नाही? घरातल्या सगळ्यात धाकट्याने चार प्रश्न विचारायचे, मा निश्ताना. भारतात सेदेर दोन रात्री होतो, इस्राएलमध्ये एकच.

तयारी अशी करा. या सणात आंबवलेलं धान्य घरात चालत नाही. आठवडाभर आधी पाव, बिस्किटं, मैदा, रवा, शेवया संपवायला घ्या. डबे मुलांकडून पुसून घ्या, दप्तराचे कप्पेसुद्धा. आमच्याकडे एका वर्षी थोरल्याच्या दप्तरातून क्रीम बिस्किटाचं अर्धं पाकीट निघालं, जानेवारीतलं. पूर्वी या सणाला घरातल्या आंबट चटणीची बरणी, अनाशी, झाकून ठेवत, म्हणून अनाशी ढाकायचा सण. भात आपल्याकडे चालतो. युरोपातून आलेल्या ज्यूंकडे चालत नाही. मूल कुठलासा व्हिडिओ बघून येईल आणि म्हणेल, "आई, आपण चुकतोय." तेव्हा शांतपणे सांगा की आपण चुकत नाही, आपली रीत वेगळी आहे, आणि दोन्ही रीती जुन्या आहेत.

हारोसेतच्या (सेदेरच्या ताटातल्या गोड लगद्याच्या) जागी आपला खजुराचा शिरा: बिया काढलेला खजूर पाण्यात मऊ शिजवायचा, गाळायचा, आणि काकवीसारखा दाट होईपर्यंत आटवायचा. मुलांना सांगा, हा मिसरातल्या विटांचा चिखल. गोड चिखल का, असं विचारतीलच. विचारू द्या. उत्तर लगेच देऊ नका.

आणि हे सगळं मराठीत करायला संकोच वाटत असेल तर एवढं लक्षात घ्या की मराठी हग्गादा (सेदेरला वाचायचं पुस्तक) मुंबईत 1846 मध्येच छापली गेली होती. पुण्याच्या 1874 च्या हग्गादेत तर चित्रं आहेत: लुगडी नेसलेल्या बायका जमिनीवर बसून मत्झा, म्हणजे बिनआंबवलेली पोळी, लाटताहेत. ते चित्र मोबाइलवर मुलांना दाखवा. माझी धाकटी म्हणाली, "ही तर पणजी." पणजी नव्हती, पण तसंच बसायची.

शाळा

जून उजाडला की वर्गशिक्षिकेला एक अर्ज द्या. त्यात वर्षभरातल्या आपल्या चार-पाच मोठ्या सणांच्या तारखा लिहा, आणि महाराष्ट्र सरकारने 2016 मध्ये ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा दिला आहे ही एक ओळही. आदल्या दिवशी देऊ नका. मी दिला होता. थोरल्याची चाचणी योम किप्पूरला होती, मी आदल्या दुपारी चिठ्ठी पाठवली, आणि शून्य मार्क मिळाले. चूक शाळेची होती की माझी, यावर घरात अजून एकमत नाही.

उपासाचं: मुलगी बाराची आणि मुलगा तेराचा होईपर्यंत पूर्ण उपास नाही. नऊ-दहाव्या वर्षी सकाळचा नाश्ता दोन तास उशिरा, पुढच्या वर्षी दुपारपर्यंत, असं चढत जा. पंचवीस तासांचा उपास एकदम लादलात तर पोर घेरी येऊन पडेल आणि सण आयुष्यभर नकोसा होईल.

मुलाला दोन प्रश्न हमखास येतात. पहिला, "तुम्ही ख्रिश्चन का?" याचं उत्तर सहा वर्षांच्या मुलालाही देता यायला हवं: "नाही, आम्ही ज्यू. आम्ही शनिवारी सुट्टी घेतो." एवढं पुरतं. दुसरा विषय अवघड आहे. आपल्याकडे कडक मास्तरला पोरं सहज हिटलर म्हणतात, आणि कुणीतरी त्याच्या शिस्तीचं कौतुकही करतं. मूल घरी येऊन सांगेल. वर्गावर किंवा त्या मुलावर चिडू नका, त्याला बहुतेक माहीतच नसतं. आधी आपल्या मुलाला वयाप्रमाणे सांगा: आठव्या वर्षी "त्याने आपल्या लोकांना फार मोठ्या संख्येने मारलं", बाराव्या वर्षी साठ लाख हा आकडा. मग शिक्षिकेला एकटीला भेटून बोला. मी बोलले तेव्हा बाईंनी मलाच वर्गात अर्धा तास बोलवलं. मी मनुकांचं सरबत घेऊन गेले. हिटलरवर दहा मिनिटं झाली आणि सरबतावर वीस.

आईबाबांपैकी एकच जण ज्यू असेल तर तेही वेळेवर आणि मोकळेपणाने बोला. परंपरेने वंश आईकडून धरतात. वडील ज्यू आणि आई नसेल तर पुढे सिनेगॉगमध्ये प्रश्न येतात, आणि ते मुलाला बाराव्या वर्षी परक्याकडून कळणं वाईट. हजानशी आधी बसून बोला.

हिब्रू आणि बार मित्झ्वा

बार मित्झ्वा म्हणजे तेराव्या वर्षी मुलाने पहिल्यांदा तोरा वाचणं; त्यासाठी दहावं वर्ष लागलं की सुरुवात. अक्षरं आठवड्याला दोन, उजवीकडून डावीकडे. देवनागरीत लिहून पाठ करून घेणं सोपं पडतं आणि सगळे तेच करतात, पण वर्षभराने तो आधार काढून घ्या. तोराच्या गुंडाळीत स्वरचिन्हं नसतात, सुरांच्या खुणाही नसतात. देवनागरीच्या कागदावर पोसलेलं मूल तेबावर (वाचायच्या व्यासपीठावर) उभं राहिलं की गडबडतं. हजानना त्याचा भाग म्हणायला सांगून मोबाइलवर रेकॉर्ड करून घ्या, आणि मूल ते बस-लोकलमध्ये ऐकेल असं बघा. शब्बाथला रेकॉर्डिंग मागू नका, सिनेगॉगमध्ये फोन काढणंच बरं दिसत नाही.

बार मित्झ्वानंतर मलिदा ठेवा. भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, वेलची, सुकामेवा, पाच प्रकारची फळं. एलियाहू हनाबी या संदेष्ट्याचं गाणं सगळ्यांना येतं, अगदी बाकी काही न येणाऱ्यांनाही. नवस असेल तर अलिबागजवळच्या खंडाळ्याला जा, जिथे खडकावर एलियाहू हनाबीच्या रथाची खूण आहे असं आपले लोक मानतात. पोह्यांना पाणी बेताचंच शिंपडा, लगदा झाला की मुलं खात नाहीत.

आता एक बारीकसं काम, आजच करून टाकण्यासारखं. प्रत्येकाची एक तरी आत्या किंवा मामा इस्राएलमध्ये दिमोनात, अश्दोदला नाहीतर लोदमध्ये आहेच. त्यांना फोन शुक्रवारी करा, पण आपला दिवा लावायच्या आधी. तिकडची घड्याळं उन्हाळ्यात आपल्यापेक्षा अडीच तास मागे, हिवाळ्यात साडेतीन. म्हणजे आपण पेल्यात पाणी ओतत असतो तेव्हा आत्या तिकडे अजून कांदा चिरत असते. व्हिडिओ सुरू ठेवा आणि मुलांना बोलू द्या, मराठीतच. आमची आत्या दर वेळी एकच विचारते, तेल कुठलं घातलंस, आणि धाकटी बाटली कॅमेऱ्यासमोर धरते.